हवेची नळी

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मिस्त्रीने मोटरसायकल जागच्या जागी चालू केली. अकरा वाजून सात मिनिटांनी ती आपोआप बंद पडली. दोन्ही वेळा समोरच्या बाकावर बसलेल्या बाईने फोनमध्ये पाहून सांगितल्या आणि मिस्त्रीने खडूने भिंतीवर लिहिल्या.

गाडीचा मागचा भाग चेपला होता. तीन आठवड्यांपूर्वी ती पुलाच्या मध्यावर थांबली आणि मागून ट्रक आदळला. बाईचा नवरा जागीच गेला. यानेच मध्ये कचकन ब्रेक दाबला, असं ट्रकवाल्याने सांगितलं, आणि पोलिसांच्या कागदावर तेच उतरलं. ते खोडून काढायला बाई आली होती.

"पेट्रोल आहे ना टाकीत?" तिने विचारलं.

"आहे."

सवयीने मिस्त्रीचा हात टाकीच्या झाकणाकडे गेला. झाकण उघडताच टाकीने सुस्स करून हवा आत ओढली. त्याचा हात तिथेच थांबला. थोड्या वेळाने त्याने बटण दाबलं, तर गाडी चालू झाली, जणू काही घडलंच नव्हतं.

"आमचे हेही असंच सांगायचे," बाई म्हणाली. "तुमच्याकडे आणली की शहाण्यासारखी चालते."

तिचा नवरा हीच तक्रार घेऊन तीनदा आला होता. तिन्ही वेळा मिस्त्रीने आधी झाकण उघडून पेट्रोल पाहिलं होतं. तीस वर्षं तो असंच करत आला होता. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला होता, "साहेब, तुमची गाडी सासरी रुसते आणि माहेरी हसते. गाडीला काही झालेलं नाही, तुम्हीच डोकं दाखवून घ्या." दोघंही हसले होते. तिसऱ्या खेपेला साहेब हसला नव्हता.

मिस्त्रीने टाकी उतरवली. हात काम करत होते, तो नुसता बघत होता.

"जेवढं पेट्रोल खाली जातं, तेवढी हवा टाकीत यावी लागते," तो म्हणाला. "ती या नळीतून येते. नळी बंद असली की पेट्रोल उतरायचं थांबतं. झाकण उघडलं की हवा शिरते, गाडी पुन्हा चालते."

"मग ही बंद आहे?"

नळीच्या टोकात स्क्रू खुपसलेला होता. वरून तार बांधलेली, तिला तीन पीळ, टोक आत मुडपलेलं. तार कोणी बांधली, हे त्याला विचारावं लागलं नाही.

"कोणी बंद केली?"

"मी."

वेळ सांगावी तसं तो बोलून गेला. बाईनेही तसंच ऐकलं.

"का?"

"पेट्रोलची वाफ धरायचा एक डबा असतो. तो फुटला, म्हणून गेल्या वर्षी मी काढून टाकला. दोन नळ्या उरल्या. एक बुजवायची होती, ही उघडी ठेवायची होती. मी दोन्ही बुजवल्या."

"दोन्ही का?"

मिस्त्री फडक्याने स्क्रू पुसत राहिला. तो स्वच्छच होता.

"उघड्या नळीतून वास येतो," तो म्हणाला.

"कुठे येतो?"

त्याने स्क्रू टाकीशेजारी ठेवला.

"स्वयंपाकघरात," बाई म्हणाली. "गाडी खिडकीखालीच लावायचे. मीच मागे लागले होते. वासाचं काहीतरी करा, नाहीतर गाडी रस्त्यावर लावा, म्हणाले होते."

"वहिनी, वास येतो हे कोणीही सांगेल. नळी मी बुजवली."

पत्ता नीट कळल्यासारखी तिने मान हलवली. मग पिशवीतून कोरा कागद काढून त्याच्यासमोर ठेवला.

"लिहून द्या."

त्याने उभ्याउभ्याच लिहिलं. टाकीची हवेची नळी बंद होती. त्यामुळे गाडी चालता चालता बंद पडत होती. नळी मी बंद केली. खाली सही करायला लागला, तशी बाईने कागदावर बोट ठेवलं.

"का, ते राहिलं."

"त्याची गरज नाही."

"पोलीस विचारतील."

"माझी चूक, म्हणून सांगेन."

"ते ऐकून हे परत घरी येतील का?" ती त्याच संथ आवाजात म्हणाली. "सगळं लिहा, मिस्त्री. मी वासाचं म्हणाले, तेही."

दीड वाजता कागदावर तीन ओळी होत्या. चौथीत 'कारण' एवढाच शब्द होता. सही झालेली नव्हती, आणि बाई बाकावरून उठली नव्हती.