कुणीही ब्रेक दाबू नये

सायकलचं चाक काढलेलं असताना ब्रेक दाबायचा नाही, हे बाईंनी शनिवारी सकाळी घरातल्यांना तोंडी सांगितलं आणि दुपारी कागदावर लिहून हँडलला टांगलं. संध्याकाळपर्यंत ब्रेक दोनदा दाबून झाला होता.

बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. गेली दोन वर्षं त्यांच्या अंगठ्यांचे सांधे धरले होते. शाळेच्या वाटेवर एक लांबलचक उतार होता. तो तारेच्या ब्रेकवर उतरायचा म्हणजे दोन्ही मुठी जीव खाऊन आवळाव्या लागत, आणि गेल्या आठवड्यात त्या आवळल्या गेल्याच नाहीत. बाई उताराच्या तळाशी एका कुंपणात जाऊन थांबल्या. लागलं फारसं नाही, कोपर खरचटलं. पण यजमान विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायचे. खरचटणं ही त्यांच्या लेखी फाइलची पहिली ओळ होती.

"सायकल विकून टाक," ते म्हणाले. "मी त्याच रस्त्याने जातो. गाडीत बस."

गाडीत बसायचं म्हणजे पाऊण तास आधी निघायचं आणि पुढचा प्रत्येक माणूस गाडी कशी चुकीची चालवतो ते वाटभर ऐकायचं. सायकलवर असताना बाईंना कुणी काही विचारत नसे. दिवसभरात अशी वेळ दुसरी नव्हती. तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक एका बोटाने लागतात, हे त्यांनी परोपरीने सांगितलं. शेवटी ठरलं ते असं: सोमवारी सकाळपर्यंत ब्रेक बसले आणि यजमानांची खात्री पटली तर सायकल राहणार, नाहीतर जाणार. दुकानात तीन आठवडे थांबा म्हणाले. बाईंनी ब्रेकचा संच घरी आणला आणि बैठकीच्या खोलीत जुनी चादर अंथरली.

पहिला हात लावला तो वरच्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या दिरांनी.

"वहिनी, हा पिवळा प्लास्टिकचा तुकडा पॅकिंगचा राहिला होता. काढून टाकला."

"भाऊजी, तो दोन पॅडच्या मध्ये मुद्दाम घातलेला असतो. ब्रेक दाबला नाहीत ना?"

"एकदाच."

"एकदाच पुरतं."

पॅडची दातखिळी बसली होती. त्यांच्या फटीत आता चाकाची चकती काय, पोस्टकार्डही गेलं नसतं. बाईंनी लाकडी पट्टी घालून दोन्ही पॅड मिलिमीटर मिलिमीटरने मागे सारले.

दुसऱ्या वेळी यजमान. आंघोळ करून आले, हँडलला टांगलेला कागद वाचला आणि ब्रेक दाबला.

"अहो."

"मी चिठ्ठी वाचत होतो."

"वाचायला बोटं लागत नाहीत."

मग तेलाची नळी लांब निघाली. ती कापून आखूड करताना आत हवा शिरली. द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो, हे वाक्य बाईंनी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. आता वाटाण्याएवढा एक बुडबुडा त्यांच्यासमोर त्याचं प्रात्यक्षिक करून दाखवत होता. ब्रेक दाबला की लोण्यात बोट जावं तसा थेट हँडलला टेकायचा. खालून सिरिंजने तेल ढकललं, नळीवर टिचक्या मारल्या, सायकल तिरकी केली. बुडबुडा ढिम्म हलेना. दिरांना मात्र दर पाच मिनिटांनी काहीतरी सुचत होतं.

"उलटी टांगून बघा, वहिनी. आमच्या कारखान्यात पंपाला आम्ही—"

"भाऊजी, ही सिरिंज धरा. ढकलू नका, ओढू नका, बोलू नका."

तीनपैकी दोन गोष्टी त्यांनी पाळल्या. दिवेलागणीला बुडबुडा निघाला तो आपला आपण, कुणालाही श्रेय न देता.

रविवारी सकाळी बाई पुढचं चाक बसवायला गेल्या तर पॅड पुन्हा मिटलेले. दीर गावाला गेले होते. घरात राहता राहिले यजमान.

बाईंनी पट्टी खाली ठेवली. "तुम्हाला सायकल विकायचीच असेल तर सरळ विका. माझा दुसरा दिवस कशाला वाया घालवता?"

"तसं नाही गं," यजमान ओशाळून म्हणाले. "किती जोर लागतो ते बघत होतो."

"मग? किती लागला?"

"काहीच नाही. बोट नुसतं टेकवलं."

"मागचा अजून जुनाच आहे. तो दाबा. अंगठा बाजूला ठेवून."

बाईंनी मागचं चाक फिरवलं आणि यजमानांनी ब्रेक दाबला. अंगठ्याचा आधार नसल्यामुळे बोटं सटकली. पुन्हा दाबला, दोन्ही हातांनी. चाक थांबलं, पण कुरकुर करत.

"रोज असं?"

"दोन वर्षं."

यजमान खाली वाकले, पट्टी उचलली आणि म्हणाले, "पॅड कसे उघडायचे ते दाखव. मागच्या ब्रेकला मी मदत करतो."

मदत म्हणजे मागचा ब्रेक बसायला तिप्पट वेळ लागला. नवे पॅड लगेच धरत नाहीत, वेग घेऊन वीस-पंचवीस वेळा थांबावं लागतं, हे कळल्यावर उन्हं उतरेपर्यंत ते गल्लीत उभे राहून मोठ्याने आकडे मोजत होते. शेजारी खिडकीत आले. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी बाई निघाल्या. उतारावर त्यांनी मागे वळून पाहिलं तर यजमानांची गाडी, चारही दिवे लुकलुकत, सायकलच्या वेगाने मागोमाग येत होती. तिच्यामागे सात-आठ गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

तळाशी लाल दिवा होता. बाईंनी एकेक बोट टेकवलं आणि सायकल रेषेवर थांबली. मागे टायर करकरले. गाडीचं नाक सायकलच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर येऊन थांबलं.

बाई खिडकीपाशी गेल्या. यजमानांचा चेहरा पांढरा पडला होता.

"अंतर ठेवत चला," त्या म्हणाल्या. "हे ब्रेक तुमच्या गाडीपेक्षा लवकर लागतात."

"दिसलं." त्यांनी लुकलुकणारे दिवे बंद केले. "जा तू. मी इथून डावीकडे वळतो."

डावीकडून त्यांचं ऑफिस लांब पडायचं. बाईंना ते ठाऊक होतं. दिवा हिरवा झाला आणि त्या सरळ निघाल्या.