मीठमास्तरांची पाठ

पडद्यावरचे काळे ठिपके एकेक करत लाल होत गेले. शेवटचाही लाल झाला तेव्हा सभागृहात कोणीतरी उगाच खोकलं. लाल म्हणजे खोटा. लाल म्हणजे मीठ.

ताई पहिल्या रांगेत बसली होती. समोर, ठिपक्यांना लाल करणारं बटण दाबत तिचा नवरा उभा होता. प्रयोगशाळेत त्याला सगळे मीठमास्तर म्हणत आणि तो बिचारा हसून घेई. आज मात्र कोणी हसलं नाही.

त्यांची टाकी जमिनीखाली खोल होती. द्रवरूप झेनॉनने भरलेली, गारठवलेली, अंधारात ठेवलेली. विश्वातलं बहुतेक द्रव्य असं आहे की ते ना उजेड देतं ना अडवतं. त्या कृष्णद्रव्याचा एखादा कण चुकून झेनॉनच्या अणूवर आपटला, तर एक बारीकशी चमक उठेल, या आशेवर माणसं तिथे म्हातारी होत होती. आणि आशेवर बसलेल्या माणसाला काहीही दिसू लागतं. म्हणून हा मिठाचा रिवाज. मास्तराने खऱ्या नोंदींमध्ये गुपचूप खोट्या चमका मिसळायच्या. कुठल्या खोट्या, ते एकट्या त्यालाच ठाऊक. बाकीच्यांनी निवडपाखड करून आपलं उत्तर पक्कं करायचं, आणि मगच भर सभेत मीठ उघडं करायचं.

या वेळी निवडून उरलेल्या चमकांच्या ठिपक्यांची ठेवण ताईच्या सिद्धांताशी तंतोतंत जुळत होती. तिचं म्हणणं असं, की इतर कणांना वस्तुमान देणारा हिग्ज कण एकुलता एक नाही. त्याला एक जड भावंड आहे, आणि कृष्णद्रव्य आपल्या जगाशी जे काही पुटपुटतं ते त्या भावंडाच्या मध्यस्थीने. अर्धं आयुष्य तिने या न जन्मलेल्या पोराची बाजू घेतली होती. लोक चहाच्या वेळी विचारत, "काय ताई, भावंडाचं बारसं कधी?" तीही हसून घेई. हसून घ्यायची सवय नवराबायकोला सारखीच लागली होती.

सभा संपली. ताईने त्याला बाहेरच्या बोळात गाठलं.

"सगळे?"

"सगळे."

"एकही खरा नाही?"

"नाही गं."

"गं-बिं नको करूस. माझ्याच कणाच्या वजनाचे टाकलेस. दुसरं वजन सुचलं नाही तुला?"

"जिथे माणसं हळवी होतील तिथेच मीठ टाकायचं, असं नियमात..."

"मला नियम शिकवतोस? नियम मी लिहिलाय!"

पाण्याच्या मशीनपाशी उभ्या असलेल्या दोघांना एकाएकी फार तहान लागली.

"आणि तो भिंतीजवळचा?" तिने आवाज खाली आणला. म्हणून राग खाली आला असं नव्हे.

"तो मुद्दाम कच्चा ठेवला होता. भिंतीलगतच्या चमका धातूतल्या किरणोत्साराच्या असतात, त्या घ्यायच्या नाहीत. तो तुम्ही गाळायला हवा होता."

ताईची कानशिलं तापली. गटात एक सर्वांत लहान संशोधक होती, तिला सगळे चिमणी म्हणत. ती बैठकीत म्हणाली होती, "ताई, हा भिंतीला फारच चिकटलाय." आणि ताईने तिला गप्प केलं होतं. वर भिंतीपासून किती अंतर सोडायचं याची रेघ बोटभर बाहेर, भिंतीकडे सरकवून घेतली होती. असं शहाणपणाने, असं गोड बोलून, की सगळ्यांनी माना डोलावल्या. ठिपके पाहून झाल्यावर रेघ हलवायची नाही, हेही तिनेच लिहिलं होतं.

स्वतःवरचा राग माणसाला जड जातो. तो तिने जवळ उभ्या असलेल्याच्या पदरात टाकला.

"मी तुझा चेहरा बघून विश्वास ठेवला," ती म्हणाली.

हे मात्र खरं होतं. मीठ असू शकतं हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण तिने मनात एक गणित मांडलं होतं: याला आयुष्यात कधी खोटं बोलता आलेलं नाही, वाढदिवसाची भेटवस्तू लपवली तरी याचे कान लाल होतात, तेव्हा मीठ असतं तर मला कळलंच असतं. टाकीभोवती इतकी यंत्रं, आणि तिने भरवसा ठेवला नवऱ्याच्या कानांवर.

आणि मग तिला ते दिसलं. दीड महिना तो घरी आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरत होता. "तू दमलीस, मी करतो." ती टेबलाशी बसून ठिपक्यांचं सांगत होती आणि तो ओट्याशी उभा राहून कांदे चिरत होता. तिला वाटलं होतं, या वयात केवढं प्रेम उतू चाललंय.

"तू माझ्याकडे पाठ करून उभा राहायचास."

"तोंड दाखवलं असतं तर तू ओळखलं असतंस."

"मी आईला सांगितलं तेव्हासुद्धा?"

तेव्हा त्याच्या हातातली सुरी थांबली होती. एवढंच. ताईची आई त्यांच्याच घरी राहायची, आणि इतकी वर्षं लेकीला, कानातलं हरवलं असावं तशी विचारायची, "मिळालं का गं तुझं ते?" त्या दिवशी ताईचा तोल गेला. बाहेर बोलायचं नाही हा नियम मोडून ती म्हणाली, "मिळालं, आई." म्हातारी रडली होती.

"अडवायचंस मला!"

"अडवलं असतं तर तिथेच कळलं असतं तुला."

त्याचं बरोबर होतं. म्हणूनच तिला त्याचा गळा धरावासा वाटला. घरी जाताना गाडीत कोणी रेडिओही लावला नाही.

आई खिडकीपाशी बसली होती. ताईने चपलाही काढल्या नाहीत. "आई, ते मिळालं नव्हतं. यानेच टाकलं होतं. माझी परीक्षा घ्यायला. आणि मी नापास झाले."

आईने आधी लेकीकडे पाहिलं, मग दारात घुटमळणाऱ्या जावयाकडे.

"जावईबापू, तुम्हाला माहीत होतं?"

"हो, आई."

"मी फोन करत होते तेव्हाही?"

ताई दचकली. "कोणाला फोन?"

"मावशीला. मामाला. तुझ्या दोन्ही आत्यांना. खालच्या डॉक्टरीणबाईंना." आईचा आवाज चढत गेला. "माझी मुलगी आयुष्यभर वेड्यासारखी शोधत होती आणि तिला सापडलं, असं सांगितलं मी सगळ्यांना! आणि हे तिथे कांदे चिरत होते!"

"आई, कामाचा नियम होता तो."

"नियम तुमच्या टाकीत. इथे बसा. हा घ्या फोन. मी नंबर लावते, तुम्ही बोला. तोंड मिटून बसायची हौस फिटली ना? आता उघडा."

आणि मीठमास्तर बसला. मामा म्हणाला, म्हणजे फसवलंत होय. मोठ्या आत्याला दोनदा सांगावं लागलं. कान लाल, अगदी टोकापर्यंत. ताई स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती आणि तिचा राग काही उतरत नव्हता.

शेवटी मावशीपाशी त्याचा आवाज मऊ झाला. "नाही नाही, मावशी, तिचं काही चुकलं नाही. सिद्धांत तसा..."

ताईने येऊन फोन हिसकावला. "चुकलं, मावशी. त्या वजनाचा कण टाकीला दिसायला हवा होता, दिसला नाही. तिथे तो नाही. भिंतीजवळचा ठिपका मी ओढूनताणून आत घेतला आणि पोरीला गप्प बसवलं. उद्या तिची सगळ्यांसमोर माफी मागणार आहे आणि रेघ परत आत घेणार आहे. हो. नाही, रडत नाहीये. चिडलेय मी!"

तिने फोन आदळला. आई पदराआड हसू दाबत होती की काय, कळेना.

"भावंड अजून जड असू शकतं," नवरा खालच्या आवाजात म्हणाला. "वजनांचा वरचा पट्टा कोणी बघितलेला नाही."

"कळतं मला. तू मला धीर देऊ नकोस." तिने आता कुठे चपला काढल्या, त्याही भिरकावून. "आणि ऐक. पुढच्या खेपेचं मीठ मी टाकणार. निवडीत तू बसायचंस. रोज घरी येऊन मला सगळं सांगायचंस, अगदी आनंदाने."

"आणि तू?"

"मी?" ताईने सुरी उचलली आणि त्याच्याकडे पाठ केली. "मी कांदे चिरीन."