गुडघ्याच्या हकिकतीतला रविवार

नाव: पिरिताउ.
वय: चोवीस.
गाव: माउके बेट. सध्या मुक्काम रारोटोंगाला, माउकेवाल्यांच्या वसतिगृहात.
काम: वीजघरातलं जनित्र सांभाळणे. ऑगस्टच्या सणापुरतं काम: नाचणे.
तक्रार: उजवा गुडघा.
सोबत कोण: आत्या तेपाएरु, नाचाचे प्रमुख पापा तुआकाना, आणि बाहेर ट्रकमध्ये आणखी नऊ जण.

शेवटचा रकाना छापील कागदावर नाही. तो मी पेनाने आखते. न्यूझीलंडमध्ये फिजिओचं शिकत होते तेव्हा एक माणूस एक गुडघा घेऊन यायचा, खुर्चीवर बसायचा आणि स्वतःच्या गुडघ्याबद्दल स्वतः बोलायचा. आमच्या बेटांवर गुडघा अख्ख्या घराचा असतो. ज्याचा दुखतो तो छताकडे बघतो आणि बाकीचे सांगतात.

काय झालं?

आत्याने सांगितलं ते असं: शनिवारी दुपारी चारच्या सुमारास ढोलाच्या नाचाची तिसरी फेरी चालली होती. पोरगा गर्रकन वळला, गुडघ्यात कट्ट झालं, तिने स्वतः ऐकलं, आणि बघता बघता गुडघ्याचा नीरफणस झाला, आमच्याकडचा, भाजून खायचा.

पापांचं म्हणणं असं: ह्याला हजारदा सांगितलंय, वळताना टाच उचल. उचलली नाही. लचकला. लगेच सुजला.

पिरिताउचं म्हणणं: "तेच."

मी आत्याला विचारलं की बारा ढोल वाजत असताना कट्ट कसं ऐकू आलं. ती म्हणाली की माझ्या भावाच्या पोराचं हाड मला कळणार नाही तर कोणाला कळणार. मी "कट्ट" लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

काय पणाला लागलंय?

हाही रकाना छापील नाही. शुक्रवारी माउकेचा ढोलाचा नाच होता आणि पिरिताउ पहिल्या रांगेत मधोमध. पाय रोवून गुडघ्यांची कात्रीसारखी उघडझाप करायची, मांड्यांपासून वर अंग स्थिर, आणि वेग असा की बघणाऱ्याला दोनाचे सहा गुडघे दिसावेत. असा नाचणारा त्यांच्याकडे एकच होता. आज मंगळवार.

पापा तुआकानांना त्याहून मोठी काळजी होती. तीन वर्षांपूर्वी असाच एक पोरगा लचकला होता. पापांनी त्याला बर्फ लावून, पट्टी बांधून नाचवला. तिसऱ्या मिनिटाला गुडघा जागेवरून सरकला तो ऑपरेशननंतरही पूर्वीसारखा झाला नाही. तो पोरगा आता ऑकलंडमध्ये गोदामात आहे आणि नाताळला पापांना भेटकार्ड पाठवतो. पापा म्हणाले, ते कार्ड आलं की मला जेवण जात नाही. म्हणून ह्या वेळी मला कारण कळल्याशिवाय मी ह्याला उभा करणार नाही, नुसतं ठीक आहे म्हणून चालणार नाही.

सूज कधी आली?

इथे माझी चूक आहे, म्हणून सावकाश सांगते.

गुडघा लचकल्यावर काही तासांत, रात्र सरायच्या आत टम्म सुजला तर बहुतेकदा आत रक्त साठलेलं असतं आणि मधलं लिगामेंट तुटलेलं असण्याची भीती असते. एक-दोन दिवसांनी हळूहळू सुजला तर दोन हाडांमधल्या गादीवर संशय जातो. त्यामुळे हात लावण्याआधी मी वेळ विचारते. अर्धं काम तिथेच होतं.

"लगेच," आत्या म्हणाली.

"लगेच म्हणजे?"

"शनिवारी लचकला आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, उठला तो हा एवढा."

पापांनी होकाराची मान हलवली. पिरिताउने छताकडे बघितलं. आणि मी, जिचा जन्म इथला, जिची आई अजून शनिवारीच स्वयंपाकाची लाकडं फोडून ठेवते, मी कागदावर लिहिलं: लचक शनिवार, सूज लगेच. कोणालाच काही खटकलं नाही. रविवारी होडी पाण्यात जात नाही, ढोलाला हात लागत नाही, दोरीवर कपडे दिसत नाहीत. त्या दिवशी काही होत नाही, त्यामुळे सांगताना तो मोजलाही जात नाही. शनिवारनंतर सोमवार.

मी त्यांना सांगितलं की लक्षण चांगलं दिसत नाही. आत्याने अंगाभोवती गुंडाळलेल्या पारेउचा शेव पदरासारखा डोळ्यांना लावला. पापा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

मग मी तारखा घातल्या, कारण कागदाला वार चालत नाहीत. सत्तावीस. एकोणतीस.

मध्ये एक तारीख उरली.

सूज कधी आली? (पुन्हा)

सगळ्यांना बाहेर पाठवणं सोपं नव्हतं. आत्या म्हणाली की त्याला सांगता येत नाही, लहानपणापासून घुम्या आहे. मी म्हटलं, आत्या, घुम्याच बरा, मला हळू लिहायची सवय आहे. पापांनी टोपी घातली आणि तिला ट्रककडे नेलं. तिथे कोणीतरी तळलेले गोड पाव आणले होते, म्हणून ती गेली.

दार लागल्यावर मी विचारलं, शनिवारी लचकल्यावर थांबलास?

नाही. आणखी दोन फेऱ्या केल्या.

गुडघा दगा दिल्यासारखा सरकला? मध्येच अडकला?

नाही.

वसतिगृहात कसा गेलास?

स्कूटरवर. स्वतः चालवत. मागे आत्या होती.

मी "सूज लगेच" वर काट मारली. लिगामेंट तुटलेला माणूस दोन फेऱ्या नाचत नाही आणि तेपाएरु आत्याला मागे बसवून तर मुळीच जात नाही.

"रविवारी चर्चला कोणती पँट घातलीस?"

"काळी. तंग आहे."

"चढली?"

"चढली."

"आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला?"

तो म्हणाला की संध्याकाळी त्याने पापांकडून ढगळ पँट मागून घेतली होती.

म्हणजे सकाळी दहाला गुडघा बरा आणि संध्याकाळी सुजलेला. मधल्या वेळात काय केलंस असं विचारलं तर म्हणाला, जेवलो. मग? झोपलो.

आता मी गुडघा बघितला. सूज आत नव्हतीच. वाटीच्या बरोबर पुढे, कातडीखाली, अंड्याएवढी मऊ पिशवी. दोन्ही बाजूंनी दाबलं, पाय पुढे ओढला, वळवला. आतली सगळी दोरखंडं घट्ट. आणि कातडीवर बारीक ओरखडे. उजव्या गुडघ्यावर पुष्कळ, डाव्यावर थोडे.

"कुठे झोपला होतास, पिरिताउ? प्रवाळावर?"

त्याला हसू आलं आणि ते आवरायला त्याने तोंडावर हात धरला. मग त्याने सांगितलं. घुम्या माणूस एकदा सुरू झाला की थांबत नाही.

जे सांगितलं ते, माझ्या शब्दांत:

माउकेहून येताना बोटीत डिझेल सांडलं आणि नाचाच्या, सालीच्या धाग्यांच्या घागऱ्यांचं एक गाठोडं वाया गेलं. बत्तीस घागरे कमी पडले. मग गेल्या मंगळवारी सगळ्यांनी मिळून दरीतून रानभेंडीच्या फांद्या आणल्या, साली सोलल्या आणि वसतिगृहासमोर समुद्रात दगडांखाली भिजत घातल्या. साल मुरली की वरचा हिरवा बुळबुळीत थर निघतो आणि आतला पांढरा धागा मिळतो. पाण्यातून लवकर काढली तर तो थर निघत नाही. उशीर झाला तर धागा काळा पडतो आणि कमरेवर तुटतो.

शनिवारी पापांनी सालीची एक पट्टी उचलली, वास घेतला आणि म्हणाले, सोमवारी काढू. पिरिताउने त्यांच्या मागे दुसरी पट्टी उचलली, अंगठ्याने घासली आणि त्याला कळलं की उद्याच. पण उद्या रविवार. आणि पापा चर्चचे डीकन, रविवार पाळायला लावणारे.

जेवणानंतर वसतिगृह घोरायला लागलं. तो खडकाच्या पलीकडे, जिथे खिडक्यांतून दिसत नाही, तिथे गेला. सगळी साल एकेक करून बाहेर काढली, गुडघे टेकून चमच्याने खरवडली, धुतली. साडेतीन तास. भार उजव्या गुडघ्यावर, कारण हातही उजवाच चालत होता. मग सगळं परत दगडांखाली ठेवलं, जसं होतं तसं.

"परत का ठेवलंस?"

"सोमवारी निघायला नको? सगळ्यांसमोर?"

सोमवारी सगळ्यांसमोर निघालं. पांढरंशुभ्र, आधीच खरवडलेलं. पापांनी ते दोन्ही हातांवर घेतलं, टोपी काढली आणि ओहोटीच्या पाण्यात उभं राहून मोठी प्रार्थना म्हटली. बायकांनी गाणं म्हटलं. आत्या रडली.

"त्यांनी देवाचे आभार मानले, मोए," पिरिताउ मला म्हणाला. "पंधरा मिनिटं. आता मी काय सांगू, तो मी होतो?"

निदान

वाटीच्या पुढे एक पातळ पिशवी असते, गुडघे टेकून काम करणाऱ्यांची सुजते. फरशी बसवणाऱ्यांची, बागेत तण काढणाऱ्यांची. ताप नाही, लाली नाही, जखम पिकलेली नाही. शनिवारच्या लचकेचा ह्याच्याशी काही संबंध नाही. बर्फ, पट्टी, गुडघा टेकायचा नाही. लाल झाला किंवा ताप आला तर त्याच क्षणी डॉक्टरकडे. नाचायला हरकत नाही.

हे मी त्याला सांगितलं. तो उठून उभा राहिला, दोनदा गुडघ्यांची उघडझाप केली आणि परत बसला.

"तू पापांना सांग ना, नुसतं ठीक आहे म्हणून."

सांगू शकत होते. पण नुसतं ठीक आहे हे पापा ऐकणार नव्हते, त्यांनी तसं आधीच बजावलं होतं. आणि ते कारण माझं नव्हतं, त्याचं होतं. माझ्या खोलीत जे बोललं जातं ते मी ट्रकपर्यंत नेत नाही. हेही त्याला सांगितलं. सांगायचं तर तू सांग, नाहीतर शुक्रवारी बाहेर बसून टाळ्या वाजव.

त्याने गुडघ्यावरचे ओरखडे बोटाने एकेक करून मोजले. मी मधल्या वेळात खालच्या दोन ओळी भरल्या, मग खोडल्या, मग पुन्हा भरल्या.

"फक्त पापांना बोलव," तो म्हणाला. "आत्याला नको."

ह्यानंतरचं कागदावर नाही.

पापा आले, बसले, टोपी मांडीवर ठेवली. पिरिताउने सगळं सांगितलं, जमिनीकडे बघत, एका दमात. खडक, चमचा, साडेतीन तास, दगडांखाली परत. बाहेर ट्रकमध्ये कोणीतरी बाकावर ताल धरला होता आणि आत्या त्यांना गप्प करत होती.

"दाखव," पापा म्हणाले.

त्याने गुडघा पुढे केला. पापांनी त्या मऊ अंड्यावर दोन बोटं ठेवली, मग डाव्या गुडघ्यावरचे ओरखडे बघितले, मग माझ्याकडे बघितलं.

"पोरी, आतलं सगळं धड आहे?"

"धड आहे, पापा. मी तीनदा बघितलं."

"शनिवारचं काही नाही?"

"काही नाही."

त्यांनी श्वास सोडला. तीन वर्षांचा असावा तो. मग पिरिताउला म्हणाले, "सोमवारी ते हातात घेतल्या घेतल्या मला कळलं होतं की मी चुकलो होतो. रविवारीच काढायला हवं होतं. दगडाखालची साल स्वतःहून सोलून निघत नाही रे, मी काय वेडा आहे? कोणीतरी केलंय एवढं कळलं होतं. कोणी, ते विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं तर रागवावं लागलं असतं."

"मग प्रार्थना?"

"ती खरीच होती. देवाने तुला धाडलं म्हणून मानले आभार. पंधरा मिनिटं कमी पडली."

पिरिताउने विचारलं की पुढच्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून सांगावं लागेल का. पापा म्हणाले, लागेल. मीही उभा राहीन, कारण सोमवार मी म्हणालो होतो. आधी मी बोलेन, म्हणजे तुझ्या वेळेपर्यंत लोकांचा अर्धा राग उतरलेला असेल.

आत्याला शेवटी पिरिताउनेच ट्रकपाशी जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं. नऊ जणांनी शिट्ट्या वाजवल्या. ती मात्र रागावली. रविवार मोडला म्हणून असेल असं मला वाटलं. तिने विचारलं, चमचा कोणता घेतला होतास? लांब दांड्याचा? वाढायचा? मी रविवारपासून तो शोधतेय, आणि स्वयंपाकघरातल्या त्या पोरींना काय काय बोललेय मी.

चमचा पिरिताउने खडकाच्या कपारीत लपवला होता. ट्रक तिकडेच गेला.

शुक्रवार

मी वरच्या बाकांवर बसले होते, शेजारी आमच्या दवाखान्यातली नर्स. ढोल सुरू झाले. पांढऱ्या घागऱ्यांची रांग आली आणि मधोमध पिरिताउ, गुडघ्यावर पट्टी, पट्टीवर पानं गुंडाळलेली. नाचाच्या शेवटी सगळे एक गुडघा टेकतात. पापांनी ते दोन दिवसांत बदललं होतं. सगळे टेकले, तो मधोमध उभा राहून एकटाच नाचत राहिला, आणि गर्दीला वाटलं की नाच मुळातच असा आहे. लोक बाकांवर उभे राहून ओरडायला लागले, त्यामुळे मला पुढचं दिसलं नाही. गुडघे बघायचे होते, ते राहिले.

माउके तिसरं आलं. आत्या म्हणाली, परीक्षकांचे डोळे तपासायला पाठवा.

तो सोमवारी आला. ह्या वेळी एकटा, पिशवीत अळूचे कंद आणि उकडलेल्या पानांची पुरचुंडी. सूज निम्म्याहून कमी. वेदना किती, दहापैकी? एक. मी तारीख घातली आणि विचारलं, काल काय केलंस?

"चर्चमध्ये उभा राहिलो," तो म्हणाला. "पापा इतके बोलले की माझी वेळच आली नाही. मग जेवलो. मग झोपलो, खरंच. संध्याकाळी उठलो तर सगळे समुद्रावर प्रार्थनेला गेले होते आणि मला कोणी उठवलंच नाही."

मी सगळं लिहून घेतलं.