चार मिनिटांच्या मुलाखती

आठ आठवडे सरकारी संशोधन कार्यालयात बसायचं, त्याचा भत्ता घ्यायचा, आणि शेवटी संचालकांच्या सहीचं शिफारसपत्र. शिवाय राहणं-जेवण मामाकडे, म्हणजे भत्ता जसाच्या तसा शिल्लक. पण भाचीचा डोळा भत्त्यावर नव्हताच. समाजशास्त्राच्या पुढच्या शिक्षणाला एकच जागा होती, आणि तिथं पत्राशिवाय कुणी दारात उभं करत नव्हतं.

जाहिरात मामीनंच दाखवली होती. मामी त्याच कार्यालयात कंत्राटी मुलाखतकार. घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांना चाळीस प्रश्न विचारायचे, घरात तुमची काळजी कोण घेतं, कशी घेतं, आणि उत्तरं तिथल्या तिथं टॅबलेटमध्ये भरायची. "नातं सांगू नकोस," मामीनं बजावलं होतं, "नातेवाइकांना घेत नाहीत." भाचीनं अर्जात 'कार्यालयात नातेवाईक : नाही' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. संशोधनाच्या नीतिनियमांत तिला वर्गात सर्वांत जास्त गुण होते.

तिसऱ्या आठवड्यात अधिकारीबाईंनी तिच्यापुढे एक यादी टाकली. कुठल्या मुलाखतीला किती वेळ लागला हे टॅबलेट आपोआप टिपत असे. मुलाखतकार क्रमांक सतरा यांच्या साठच्या साठ मुलाखती चार-चार मिनिटांत उरकलेल्या. सतरा नंबर मामीचा.

"ह्या बाई घरी बसून भरतात बहुतेक," अधिकारीबाई म्हणाल्या. "मुलाखती निनावी, त्यामुळं घरांना विचारायची सोय नाही. शुक्रवारी तुमचा शेरा द्या. स्पष्ट शेरा आला की पत्राचा मसुदा करायला घेते."

घरी बसून भरतात हे खरंच होतं. रोज संध्याकाळी भाची जेवत असताना मामी समोर वही उघडून टॅबलेटवर बोटं नाचवायची. पण वहीतलं एकेक उत्तर तास-तासभर बसून आणलेलं. टॅबलेट काढला की म्हातारी माणसं सुनेकडे बघून बोलायची. वही असली की सुनेबद्दल बोलायची.

भाचीनं त्याच संध्याकाळी विषय काढला.

"मग वही दाखव की," मामी म्हणाली. "ने उद्या."

"कुठं मिळाली म्हणून विचारतील."

"सांग, घरात मिळाली."

"म्हणजे माझा अर्ज खोटा ठरतो, मामी."

"नाही सांगितलंस तर माझ्या मुलाखती खोट्या ठरतात. तुझी एक ओळ आहे, माझं चार महिन्यांचं चालणं आहे."

"दोघींनी मिळून काहीतरी मधला मार्ग काढा," मामा ताटाकडे बघत म्हणाला. लग्नापासून तो त्याच मार्गावर उभा होता.

"उत्तरं तिथल्या तिथं भरायचा नियम तुम्हाला ठाऊक होता ना, मामी?" भाची म्हणाली.

"होता. आणि नातेवाइकांचा नियम तुला अर्ज भरताना ठाऊक नव्हता?" मामीनं वही मिटली. "ताट पुढ्यात येईतोवर मी मामी, आणि यादी आली की क्रमांक सतरा. खाल्ल्या घरचे वासे मोजायला सरकार भत्ता देतं, हे मला माहीत नव्हतं गं."

भाचीला राग आला, आणि तो तिच्या उपयोगीच पडला. बोल जिव्हारी लागलेल्या माणसाला दुसऱ्याचा निकाल लावणं सोपं जातं.

शुक्रवारी तिनं शेरा लिहिला : 'साठही मुलाखतींचा कालावधी अपुरा. प्रत्यक्ष भेटीचा पुरावा आढळला नाही.' दुसरं वाक्य तिनं तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा तसंच ठेवलं.

सोमवारी मामीचं कंत्राट गेलं. मामानं भाचीची बॅग स्वतः जिन्याखाली आणून ठेवली. उरलेले पाच आठवडे वसतिगृहानं तिचा भत्ता खाल्ला. पत्र मात्र मिळालं, त्यात 'वस्तुनिष्ठ' हा शब्द दोनदा होता, आणि जागाही मिळाली. अधिकारीबाईंच्या नावावर एक बनवेगिरी उघडकीला आणल्याची नोंद झाली. सून बाजारात गेल्याची खात्री करून मगच तोंड उघडणाऱ्या साठ म्हाताऱ्यांची उत्तरं पुसली गेली, आणि उरलेल्यांच्या जोरावर अहवालात छापून आलं की ज्येष्ठ नागरिकांची घरच्यांबद्दल काहीही तक्रार नाही.