दमयंतीचं ‘या’

पोलिसाने गुरुनाथचा हात मागे पिरगाळला तेव्हा खांदा असा कडाडला, की शेजारच्या गोऱ्याचं कुत्रं भुंकायचं थांबलं आणि पुढे दोन दिवस त्याने तोंड उघडलं नाही. आधी गुरुनाथने त्या पोलिसाच्या नाकावर पाना हाणला होता. मग पोलिसाने त्याला गाडीच्या बॉनेटवर आपटलं, डोळ्यांत मिरचीचा फवारा मारला. त्याची बायको दमयंती भांडी पुसायचं फडकं ओठांवर दाबून बघत होती. गॅरेजच्या फरशीवरचं रक्त तिघांचं होतं. पोलीस येण्यापूर्वी सांडलेलं तेवढं तिचं.

गुरुनाथची गाडी मोटरवेवर सापासारखी वळवळत होती, असं कुणीतरी कळवलं होतं. पोलीस चौकशीला दारात आला आणि मग आत. दारू तपासायच्या यंत्रात फुंकर मारायला सांगितल्यावर गुरुनाथने पाना उचलला.

मोदकांच्या आकारावरून दोन तट पडणारं न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावचं मराठी मंडळ गुरुनाथला सोडवायला मात्र एक झालं. वकील प्राची त्यांच्यातलीच. तिने वाट काढली. पोलीस दारापर्यंत येऊ शकतो, पण घरच्यांनी निघा म्हटलं की त्याने निघायचं. न निघता पकडलं तर अटकच बेकायदा, आणि तिच्याबरोबर दारूची केसही निकालात. लायसन्स वाचलं की गुरुनाथची ट्रकवरची नोकरी वाचली.

अडचण एकच. दमयंती त्या पोलिसाला दारात “कम, कम” म्हणाली होती.

प्राची हसायलाच लागली.

“अहो काकू, म्हणजे आपलं ‘या आता’! दारातल्या माणसाला आपल्यात ‘जा’ म्हणतं का कुणी? तुम्ही त्याला वाटेलाच लावत होतात. फक्त शब्दाला शब्द इंग्रजी केलंत.”

दमयंतीने चहाचे कप उचलले. प्राचीने त्याचा अर्थ होकार असा घेतला.

प्राचीची गाडी वळणाआड जाताच गुरुनाथने धड हाताने बायकोचा अंबाडा धरला आणि तिचं डोकं फ्रिजच्या दारावर आदळलं. कोर्टात जीभ घसरली तर दात वेचायला दुसऱ्या कुणाला तरी बोलवावं लागेल, असं त्याने अगदी शांतपणे सांगितलं.

लोअर हटच्या कोर्टात वाकड्या नाकाचा पोलीस म्हणाला, बाईंनीच मला आत बोलावलं. मग प्राची उभी राहिली. मराठी माणसं निघताना ‘येतो’ म्हणतात, घालवतानाही ‘या’ म्हणतात, हे तिने अशा बहारीने मांडलं की न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवून ऐकलं. मंडळाची बाकावरची माणसं माना डोलावत होती. दुभाष्याच्या तर अंगावर मूठभर मांस चढलं. आता दमयंतीचं एक वाक्य तेवढं हवं होतं.

“काकू, तुम्ही त्याला ‘कम’ म्हणालात. मनात मराठीत काय होतं?”

गुरुनाथचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. डाव्याची मूठ टेबलाखाली उघडमीट करत होती. तो डावाही तितकाच चालतो, हे त्या दालनात एकट्या दमयंतीला ठाऊक होतं.

“या,” ती म्हणाली.

प्राचीने सुटकेचा निःश्वास टाकला.

“आत या,” दमयंती म्हणाली. “लवकर या.”

दुभाष्याने पाण्याचा घोट घेतला. या खेपेला त्याला काहीही समजावून सांगावं लागलं नाही.