चकतीची सुलटी बाजू

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल माणसांनी फुलून गेला होता. व्यासपीठावर पाषाणबाबा उभे. हातात तळहाताएवढी, बिस्किटासारखी पातळ दगडाची चकती.

त्यांनी ती एका दणकट हमालाला दिली. "मोड!"

हमालाने दातओठ खाल्ले, मानेच्या शिरा फुगवल्या. चकती ढिम्म.

"शक्ती आहे, श्रद्धा नाही," बाबा कनवाळूपणे म्हणाले. चकती परत घेऊन त्यांनी तिच्यावर फुंकर घातली आणि एका खंगलेल्या आजींच्या हातात ठेवली. आजींनी जरासं दाबलं, टच्च! मधोमध दोन तुकडे.

"दगड मोडला, रोग मोडला! आता औषधं बंद!"

टाळ्यांनी छप्पर उडायचंच काय ते बाकी राहिलं.

तिसऱ्या रांगेत कवळीवाल्या काकू टाळी न वाजवता बसल्या होत्या. तीस वर्षं त्यांनी दातांच्या लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासून घडवल्या. निवृत्तीनंतर कवळ्या सुटल्या, घासणं सुटलं नाही. आता मागच्या खोलीत रंगीत दगडांच्या चकत्यांवर काच कापायच्या हिरकणीने रेघ मारायची, पकडीने कडा तोडायच्या आणि घासून गळ्यातली पदकं करायची, ही त्यांची हौस.

आज मात्र त्या हौसेने आल्या नव्हत्या. शेजारी बसलेल्या त्यांच्या थोरल्या ताईने आठवड्यापूर्वी इथेच चकती मोडली होती आणि फिटच्या गोळ्या बंद केल्या होत्या. काल ती ओट्यापाशी झटका येऊन कोसळली. शेगडी पेटलेली नव्हती, एवढंच नशीब.

"अगं, रोग जाता जाता लाथ मारतोच, बाबा म्हणालेत," ताईने शुद्धीवर येताच सांगितलं होतं. बाबांचं बरं असतं. गुण आला तर कृपा, नाही आला तर तुमचं कर्म.

ताईने कपाटात जपून ठेवलेले ते दोन तुकडे काकूंनी काल भिंगाखाली धरले होते. पाहताच त्यांचं डोकं सणकलं होतं.

त्या उठून थेट व्यासपीठावर गेल्या. "बाबा, मलाही मोडायचीय."

बाबांनी नवी चकती फुंकर घालून दिली. काकूंनी ती उलटी केली आणि दाबली. मोडेना. हमालाला दिली. त्यालाही मोडेना.

"बाई, उलटी धरू नका! शक्ती वरून उतरते!"

"अस्सं! म्हणजे दैवी शक्तीलाही बाजू चुकते?"

हॉलमध्ये खसखस पिकली. काकूंनी केसातली पिन काढून चकतीची दुसरी बाजू खरवडली. मेणात कालवलेली दगडाची पूड गळून पडली आणि खाली सरळ, खोल रेघ दिसली.

"ही रेघ वर ठेवून टोकं खाली दाबली की दगड रेघेतून उकलतो. रेघ खाली गेली की पैलवानालाही दाद देत नाही. फुंकर घालताना हे चकती फिरवतात. बाकी मंत्र तोंडी लावायला!"

पर्समधून त्यांनी आपली चकती आणि हिरकणी काढली. सगळ्यांसमोर पट्टी धरून दोनचारदा दाबून रेघ ओढली. "ताई, ये. मोड."

ताईने मोडली. तिने दोन्ही तुकडे जुळवून रेघेवरून बोट फिरवलं. मग बाबांकडे वळून म्हणाली, "काल शेगडी पेटलेली असती तर?"

बाबांना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली आणि ते मागच्या जिन्याने उतरले. तरी दारापाशी एकजण कुजबुजलाच, "पण फुंकरीत काहीतरी होतं हं!"

त्याच दुपारी ताई डॉक्टरांची बोलणी मुकाट्याने खाऊन आली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

चमत्कार दिसला की आपले हात आधी जोडले जातात. ते थोडे उशिरा जोडा. आधी वस्तू मागा, चाचपा, फिरवून बघा, प्रश्न विचारा. जो प्रश्नाला रागावतो त्याच्याकडे उत्तर नसतं. आणि कोणी औषध बंद करायला सांगितलं, तर त्याच्या पाया पडू नका. डॉक्टरांना विचारा. दगड मोडला तर दुसरा मिळतो, माणूस मिळत नाही.