दुसरं पान

बाईंनी वही छातीशी धरली आणि त्या टेबलाच्या पलीकडे सरकल्या.

"द्या इकडे," मुलीचा बाप म्हणाला. "शेजारीण हसत हसत सांगते, तुमच्या पोरीनं तुमच्यावर लिहिलेलं वर्गात वाचून दाखवलं म्हणून. घर चव्हाट्यावर आणायला शाळेत घालतो का आम्ही? उद्यापासून येणार नाही ती."

"पात्रलेखन आहे ते." बाईंचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, बोटं मात्र वहीत रुतली होती.

कादंबरीतला निसर्गवाद, म्हणजे माणूस जसा आहे तसाच मांडणं, शिकवताना त्यांनीच दहावीच्या वर्गाला सांगितलं होतं, घरातलं एक माणूस आठवडाभर न्याहाळा. ते काय करतं, तेवढंच लिहा. चांगला, वाईट, बिचारा, असलं एकही विशेषण नको. न्याय करणारे आपण कोण? परिस्थिती माणसाला कशी घडवते, ते वाचणाऱ्याला दिसतंच.

"वर्गात पहिलंच पान झालं," त्या म्हणाल्या. "दुसरं मी वाचू दिलं नाही."

"मग तेच बघतो."

त्यानं वही हिसकावली. आता फाडतो, असं वाटून बाईंचा हात आपसूक पुढे गेला आणि तसाच राहिला.

'सोमवारी मी शाळा चुकवून बाबांच्या मागे गेले. कारखान्याच्या फाटकाला कुलूप आहे. कुलपाला गंज आहे. बाबा बागेतल्या बाकावर बसतात. बाराला डबा खातात. संध्याकाळी सायकलच्या साखळीवर बोटं चोळतात. बोटं काळी झाली की घरी येतात. आई साबण देते. मी पाणी घालते.'

त्याचे ओठ हलत होते. शेवटच्या ओळीशी थांबून तो पुन्हा वर गेला.

"हिच्या आईला...?"

"कुणालाच नाही. आईला कळू देऊ नका, असं बजावूनच मुलीनं वही दिली."

बाहेर मैदानावर कुणीतरी शिट्टी फुंकली. त्यानं वही मिटली, टेबलाच्या कडेला नीट लावून ठेवली.

"मार्क किती दिलेत?"

"अजून दिले नाहीत."

"द्या. एक शब्द वाकडा नाही लिहिलेला."

बाईंनी मान डोलावली. तो दारापर्यंत गेला, तिथल्या बाकाकडे बघून घुटमळला.

"इथं बसलो तर चालेल? पोरीला बरोबरच घेऊन जातो. तिच्या आईशी बोलायचंय."

"शाळा सुटायला तीन तास आहेत हो."

"असू दे," तो बसत म्हणाला. "मला कुठं जायचं नाहीये."